अंगावर काटा

नऊचा खेळ सुटला आणि आम्ही सात जण
गंगापूर रोडच्या मिसळीवर, द्राक्षाच्या मांडवाखाली.
छाटणी झालेली, द्राक्षं नाहीत,
नुसत्या काड्या, आणि त्यांतून गळणारं ऊन
तर्रीवर.

पहिला पाव मोडायच्या आत घुगे म्हणाला,
"काटे कुठून आणले त्यांनी?
पुस्तकात घळ्याला काटे नाहीत."
"आहेत," रेवा म्हणाली. रेवा माझी लेक.
"पान एकशे बारा."

पान एकशे बारा सगळ्यांना पाठ.
शाहिदनं डोळे मिटून म्हणून दाखवलं, पाढ्यासारखं:
*कंदील विझला. घळ्या कपारीतून बाहेर आला.
अंगावर काटा उभा.*

एवढंच. कुणाच्या अंगावर,
ते लिहिलेलं नाही.

सिनेमावाल्यांनी घळ्याच्याच अंगावर उभे केले,
साळिंदराच्या दुप्पट लांब, टोकाला निळे,
तो वळला की वाजणारे.
"खुळखुळा होता खुळखुळा," घुगे म्हणाला,
"मला भीती नाही, लाज वाटली."

"काटा एकवचनी आहे," शाहिद. तो परीक्षांचं व्याकरण शिकवतो.
"जनावराचे असते तर काटे उभे म्हटलं असतं."
"बाभळीला काटा असतो म्हणतोस, तेव्हा काय एकच असतो?"
"बाभळीचा उभा राहत नाही."
"निवडुंगाचा?"
"ताई, रस्सा?" मध्येच वाढप्या.
"आण. आणि गोष्ट सांगतोय कोण? गुराखी पोरगा.
तो पानोपानी म्हणतो, माझी काठी, माझी शेळी,
माझा डावा अंगठा. मग इथंच 'माझ्या' का नाही?"
"घाबरलाय म्हणून," इतका वेळ गप्प असलेली प्राजू म्हणाली.
"घाबरलेल्याला 'माझं' सुचत नाही."

यावर कुणी काही बोललं नाही.
कांदा संपला होता.

मग रेवाला एकदम आठवलं.
"आई! हे पुस्तक तूच टाइप केलंस ना?"

सगळे चमचे थांबले.

अशोकस्तंभाजवळ, झेरॉक्सच्या वरची खोली,
पानाला अकरा रुपये.
लेखकानं कागद पंच करून फाइलला लावलेले,
समास न सोडता, थेट कडेपासून लिहिणारा माणूस.
आणि त्या ओळीत, 'अंगावर'च्या आधी, नेमकं तिथं
पंचाचं भोक.
'माझ्या' मावेल एवढं. 'त्याच्या' मावेल एवढं.
किंवा नुसतंच भोक,
सगळ्या पानांना असतं तसं.

मी कागद बल्बसमोर धरला, कडेला शाईचा ठिपका दिसला.
ठिपका अक्षराचा की पेन टेकवल्याचा, कळेना.
फोन लावला. वाजून वाजून थांबला.
नऊला लाइट जाणार होती,
पोटात ही रेवा, सातवा महिना.
मी भोक ओलांडून पुढे गेले.
प्रुफं लेखकानं स्वतः तपासली.
त्या पानावर एक वेलांटी दुरुस्त केली,
बाकी काही नाही.

"नाही गं आठवत," मी म्हटलं. "किती पुस्तकं केली."

मला वाटतं त्यांना बरंच वाटलं.
घुगेनं लगेच जिलबी मागवली,
शाहिदनं पेपर नॅपकिनवर साळिंदर काढलं,
आणि वाद पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्यानं.

माझा घळ्या मी कुणाला सांगितलेला नाही.
तो फार मोठा नाही. करडाएवढा, ओला.
नऊला लाइट गेली, यूपीएस कोकलायला लागला,
तेव्हा तो मॉनिटरवर येऊन बसला,
काच कोमट होती म्हणून असेल.
त्याला काटे होते की नव्हते, मी बघितलं नाही.
पोटातून एक लाथ बसली
आणि मी अंधारात सेव्हचं बटण शोधत होते.

परतताना स्कूटरवर, मान न वळवता,
रेवानं विचारलं,
"आई, खरंच आठवत नाही?"

तिच्या कोपरावरची लव वाऱ्यानं उभी होती.

"पुढे बघ," मी म्हटलं. "सिग्नल आहे."